उन्हाचं हातउसनं

आमच्या घरात संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं. लग्न होऊन निपाणीहून बेळगावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "घड्याळ बघायचं न्हाई. समोरच्या नारळाच्या शेंड्यावर ऊन गेलं की ताटं घ्यायची." माहेरी हीच रीत होती, त्यामुळे मला काही जड गेलं नाही. त्याला आता तीस वर्षं झाली. नारळ राहिला नाही, त्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. तरी थंडीच्या दिवसांत साडेपाच झाले की माझा हात आपोआप ताटांकडे जातो. पाहुणे असोत, परीक्षा असो, टीव्हीवर मॅच असो, आमचं घर उन्हाच्या पाठोपाठ जेवतं.

माझी लेक याच घरात वाढली. शाळेचं स्नेहसंमेलन असलं की पाच वाजता डब्यातली धपाटी खाऊन ती स्टेजवर जायची. त्यामुळे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला ती गोव्याला गेली, तेव्हा मला नाना काळज्या वाटल्या, पण ही एक वाटली नव्हती. आणि नेमकी तीच पुढे आली. पहिल्याच सत्रात एका रात्री फोनवर म्हणाली, "आई, तुला खोटं सांगवत नाही. प्रयोगशाळेतून निघायला सात होतात. मेसचं जेवण साडेसातला. मी तेव्हाच जेवते."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "जेवली न्हवं पोरगी वेळंत?"

"हो, जेवली," मी म्हटलं.

लेकीला जे खोटं सांगवलं नाही, ते मी सांगितलं. पुढे दीड वर्ष सांगत राहिले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला तो उड्या मारतच. प्रकल्पाचा विषय ठरला होता. समुद्रातल्या शेवाळाचा रंग काढायचा आणि त्या रंगाकडून सूर्याचं ऊन पकडून वीज करायची. मी ऐकलं ते एवढंच, की माझी मुलगी शेवाळ खुडणार, चिरणार, वाटणार.

तुमच्यापैकी ज्या पाठशाळेत गेल्या असतील त्यांना सांगायला नको. कांदा, बटाटा, आलं, तसंच शेवाळ. साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव. पावसाळ्यात बस्तीच्या पायऱ्यांवर हिरवं धरलं की आम्ही बायका कडेकडेनं जातो. घसरण्याची भीती असतेच, पण खरं कारण त्यावर पाय पडू नये हे असतं. आणि ही पोरगी त्याचाच प्रकल्प करणार!

"दुसरं काही मिळालं नाही का तुला?" मी विचारलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, माझ्या वाढदिवसाला तू कसलं पुडिंग करायचीस?"

"चायना ग्रासचं. जेलीत प्राण्यांच्या हाडांचं काहीतरी असतं म्हणून."

"चायना ग्रास म्हणजे आगर. लाल समुद्री शेवाळापासून करतात."

मी खुर्चीवर बसले. बावीस वर्षं मी ते दूध आटवून, वेलची घालून, नटव्या साच्यात ओतून समाजातल्या अर्ध्या मुलांना खाऊ घातलं होतं. पाकिटावर 'शाकाहारी' असं लिहिलेलं असायचं आणि मी त्यापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी मात्र त्या दिवशी एक अट घातलीच. "जिवंत उपटायचं नाही. समुद्रानं स्वतःहून बाहेर टाकलेलं असेल तेवढंच घ्यायचं."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' माझ्यासारखंच होतं.

जानेवारीत चोर्ला घाटातून बसनं मी गोव्याला गेले. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञान माझं दहावीलाच सुटलं. पण त्या शनिवारी प्रयोगशाळेत तिनं मला जे दाखवलं ते मला कळलं, कारण त्यात निम्मं स्वयंपाकघर होतं.

एक पांढरी पूड होती, टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते, टूथपेस्टमध्ये असते, तीच. ती खलात घेऊन त्यात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल थेंबथेंब घालत घोटायची, गुठळी राहू द्यायची नाही. वीज वाहून नेणारी एक खास काच असते, तिच्या कडांना चिकटपट्टी लावायची आणि मधे ते पीठ काचेच्या दांडीनं पातळ पसरायचं. आंबोळी पसरतो तसं, पण केसाहूनही पातळ. मग ४५० अंशांवर अर्धा तास भाजायचं. भाजल्यावर ते कण एकमेकांना धरून बसतात आणि मधे असंख्य भोकं राहतात. डोळ्याला खडूचा डाग दिसतो. पण आतल्या सगळ्या भोकांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर त्या डागाच्या शेकडो पट भरेल.

पांढरी वस्तू उन्हातलं फारसं काही ठेवून घेत नाही, आलेला उजेड परत पाठवते. म्हणून तिला रंग पाजायचा. काच रंगात बुडवून ठेवायची. सुरुवातीला तिनं कोकम वापरलं होतं, जास्वंदही. मग शेवाळ. दुसऱ्या एका काचेवर पेन्सिलीच्या शिशाचा काळा थर द्यायचा, दोन्ही काचा तोंडाला तोंड लावून कागदाच्या चिमट्यांनी धरायच्या आणि फटीत आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब सोडायचा. झालं.

"आता यात होतं काय?" मी विचारलं.

"रंगावर ऊन पडलं की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळतो. रंग तो शेजारच्या पांढऱ्या कणाला देऊन टाकतो. तिथून तो तारेत जातो, काम करतो आणि फिरून काळ्या काचेकडे येतो. रंगाला मात्र तो परत हवा असतो, नाहीतर रंग बिघडतो. मधलं आयोडीन काळ्या काचेकडून तो घेतं आणि रंगाला नेऊन देतं."

"म्हणजे हातउसनं," मी म्हटलं. "वाटीभर साखर शेजारी दिली, ती दोन घरं फिरून आपल्याकडे परत आली."

"हो, आणि वाटी जाण्यायेण्यात जे काम झालं ती वीज."

या रीतीचा सेल १९९१ मध्ये ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल या दोघांनी जगापुढे मांडला. ग्रेट्झेल स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या संस्थेत होते. त्यांच्या सेलनं तेव्हा पडलेल्या उन्हातल्या सात टक्क्यांहून जास्त ऊर्जेची वीज केली. आपल्या गच्चीवर बसवतात ते पॅनल सिलिकॉनचे. तो सिलिकॉन १४०० अंशांहून जास्त तापवून वितळवावा लागतो. त्यापुढे ही खडूसारखी भाजलेली काच म्हणजे अगदी गरिबाघरची. पण त्यांचा रंग रुथेनियम या दुर्मिळ, महाग धातूपासून केलेला होता. म्हणून पुढे अनेकांनी झाडापाल्याचे रंग वापरून पाहिले, कुणी बेरीचे, कुणी डाळिंबाचे, कुणी पालकाचे आणि कुणी शेवाळाचे.

शेवाळच का, तर त्याला शेत लागत नाही आणि गोडं पाणीही लागत नाही. आमचं घर मूळचं शेतकऱ्याचं. उसाला किती पाणी जातं आणि नांगराखाली काय काय येतं, हे आमच्या घराला सांगावं लागत नाही. हे कारण माझ्या मनात रुतलं.

दुसरं कारण तिनं कागदावर काढून दाखवलं. नेहमीच्या पानातल्या हरितद्रव्याला एक लांब तेलकट शेपूट असते. ते पांढऱ्या कणांवर नीट बसत नाही, निसटतं. तपकिरी समुद्री शेवाळात या हरितद्रव्याचा आणखी एक प्रकार असतो, क्लोरोफिल सी. त्याला ती शेपूट नसते आणि एका टोकाला आम्लाचा एक गट मोकळा असतो. तो गट पांढऱ्या कणाचा हात धरून बसतो. उसनं द्यायचं तर शेजार हवा, तसं ते. जपानी लोक वाकामे नावाचं तपकिरी शेवाळ रोजच्या सूपमध्ये खातात. त्यातून शुद्ध करून वेगळ्या काढलेल्या क्लोरोफिल सीनं चार टक्क्यांच्या पुढे मजल मारली होती. २०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी त्याच शेवाळाचा रंग काढला, पण शुद्ध न करता जसाच्या तसा वापरला, तेव्हा आकडा एक टक्क्याच्याही बराच खाली राहिला. लेकीकडे शुद्ध करायची मोठी साधनं नव्हती. तिची वाट इटलीचीच होती.

गोव्याच्या खडकांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ पावसाळ्यानंतर भरपूर येतं. त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात. त्यांच्यामुळे ते पाण्यात उभं राहतं आणि उन्हाकडे तोंड करतं. लेकीनं त्याचा एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला, आणि बघता बघता तपकिरीचा हिरवा झाला. हिरवा रंग आधीपासून आतच होता. त्याच्यावर फ्युकोझँथिन नावाच्या तांबूस रंगाची छाया होती, ती उष्णतेनं ओसरली.

"मग हा तांबूस रंग असतो कशाला?" मी विचारलं.

समुद्राचं पाणी उन्हातला लाल भाग वरच्या वरच शोषून टाकतं, तिनं सांगितलं. खाली जावं तसा फक्त निळसर हिरवा उजेड उरतो. साधं हरितद्रव्य नेमका हिरवा उजेड सोडून देतं. म्हणून समुद्रातल्या शेवाळानं जोडीला दुसरे रंग बाळगले, जे तो उरलेला उजेड घेतात. लाल शेवाळात तर फायकोएरिथ्रिन नावाचा रंग असतो, तो हिरवाच उजेड पकडतो. बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर लाल शेवाळ खडकाला चिकटून जगताना सापडलं आहे. तिथं पोचणारा उजेड वरच्या उन्हाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

रात्री तिच्या खोलीवर मला लवकर झोप लागली नाही. तेवढ्याशा उजेडावर कुणीतरी संसार करतं, हेच डोक्यात फिरत होतं.

रविवारी पहाटे ओहोटीला आम्ही हणजूणच्या किनाऱ्यावर गेलो. खडकांवर जिवंत सरगॅसम लाटेबरोबर डुलत होतं, हाताच्या अंतरावर. तिकडे न बघता लेक पुळणीवर गेली. भरतीनं टाकलेल्या शेवाळाचा तिथं एक लांब पट्टा पडला होता. वरून सुकलेलं, खालून ओलं. मला समाधान वाटलं. माझी अट पाळली जात होती.

मग तिनं पिशवीतून एक जुनं पांढरं सुती कापड काढलं. वाळूवर पसरलं. शेवाळाची एक झुपकी उचलून त्यावर हळूच झटकली. कापडावर पन्नास-साठ जीव टणाटणा उड्या मारू लागले. वाळूतले बारीक किडे, तांदळाएवढे. नखाएवढा एक खेकडा. एक पारदर्शक, नाव न कळणारं काहीतरी.

"आई," ती म्हणाली, "खडकावरचं शेवाळ एकेंद्रिय. कात्रीनं वरचा शेंडा कापला तर बुडखा पुन्हा वाढतो. हे मेलेलं आहे खरं, पण यात बघ किती जणांचं घर आहे."

मी काही बोलले नाही. ती कापडाची चार टोकं धरून पाण्याच्या काठाशी गेली, ओल्या वाळूवर कापड उलटं केलं, एकेक जीव खाली उतरेपर्यंत थांबली आणि परत आली. दुसरी झुपकी. परत तेच. मला सासूबाई आठवल्या. घरी नळ येण्याआधी त्या विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायच्या आणि गाळणं उलटं करून, वर पाणी सोडून, ते परत त्याच विहिरीत द्यायच्या. गाळण्यात अडकलेला जीव आपल्या पाण्याला परत गेला पाहिजे. लेकीनं हे आज्जीकडे पाहिलं तेव्हा चार वर्षांची असेल. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पिशवीभर शेवाळाला आम्हाला अडीच तास लागले. शेवटचा तासभर मीही कापडाची दोन टोकं धरली. ऊन चढलं, पाठ भरून आली, आजूबाजूचे पर्यटक आमच्याकडे बघत होते. तिला म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं. माझ्या अटीनं कुणाचा जीव वाचला होता की आणखी कुणाचा धोक्यात आला होता, हे मला सांगता येईना.

निघायच्या आधी तिनं मला प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दाखवली. कोकमाच्या पाच काचा तिनं ओळीनं जोडल्या, जुन्या कॅल्क्युलेटरमधली बॅटरी काढून त्याच्या तारा या काचांना लावल्या आणि सगळं खिडकीतल्या उन्हात सरकवलं. पडद्यावर एक आकडा उमटला.

"आई, बघ, शून्य आलं!"

परीक्षेत शून्य मिळाल्यावर इतकं आनंदानं ओरडणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. मी दोन अधिक दोन केले. चार आले. मधे मी हात आडवा धरला, चार पुसट झाला. हात काढला, परत आला. तेवढ्यासाठी तिची काही महिन्यांची मेहनत होती आणि मला ते पुरेसं वाटलं.

शेवाळाच्या काचांचा निकाल मार्चमध्ये आला. अगदीच थोडा, कोकमाहूनही कमी. कारण ती मला सांगत नव्हती, मीच खोदून विचारलं. वाळूवर उन्हात पडलेल्या शेवाळातलं हरितद्रव्य तुटून गेलेलं असतं. खडकावरचं ताजं, लगेच बर्फात ठेवलेलं शेवाळ घेतलं असतं तर रंग जास्त उतरला असता. तिच्या सरांनी विचारलंच, ताजं का घेतलं नाही? तिनं अहवालात लिहिलं, 'नमुना केवळ किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळाचा घेतला.' कारण लिहिलं नाही. गुण कापले गेले. फार नाही, पण पुढच्या संशोधनाच्या प्रवेशासाठी ज्या आकड्याची गरज होती, त्याच्या जरा खाली.

त्या संध्याकाळी मी ताटं घेतली, पण माझा घास काही उतरेना. सासूबाईंना म्हटलं, पित्त झालंय.

मैत्रिणींनो, मला सगळ्यात बोचली ती दुसरीच गोष्ट. मी शेवाळाला विचारलं, तुझ्यामागे कोण मरतं? माझ्या घरातल्या बटणाला मी तीस वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. आमचा दिवा लागतो, मिक्सर फिरतो, बस्तीत पर्युषणात रोषणाई होते. ती वीज कुठून येते? रायचूरला कोळसा जळतो. काळी नदीवर सुपा धरण आहे, बेळगावहून फार लांब नाही. त्या पाण्याखाली सुपा हे अख्खं गाव गेलं आणि किती जंगल. त्यातल्या किड्यामुंग्यांना कुणी पांढऱ्या कापडावर झटकून काठाला नेऊन सोडलं नव्हतं. बटण दाबणाऱ्या बोटाला काही दिसत नाही, म्हणून ते बोट स्वच्छ असं मी धरून चालले होते. शेवाळ बिचारं डोळ्यांसमोर हिरवं दिसलं, म्हणून सगळा नियम त्याच्या माथी मारला.

याचा अर्थ नियम सोडावा असा मी काढलेला नाही. उलट नियम कसा करावा हे मला दुसऱ्याच बायकांकडून समजलं. तमिळनाडूत रामनाथपुरमकडे कोळ्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून शेवाळ काढतात. आपल्या आगरचं शेवाळ त्यातलंच. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि श्वास धरून खाली जायचं. या बायकांनी आपणहून ठरवलं, की महिन्यातले ठरावीकच दिवस शेवाळ काढायचं, बाकीचे दिवस त्याला वाढू द्यायचं. त्यांच्यातल्या पांबन बेटावरच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सिकॉलॉजी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे वाचलं आणि मला आपल्या अष्टमी-चतुर्दशीच आठवल्या. पर्वाच्या दिवशी हिरवी भाजी नाही, हा आपला नियम. त्यांनी तो पोटावर चिमटा घेऊन केला. शिवाय त्या रोज पाण्यात उतरून, शेवाळाला हात लावून, त्याची वाढ डोळ्यांनी पाहून ठरवत होत्या. मी बेळगावात खुर्चीवर बसून फोनवर ठरवलं होतं.

मे महिन्यात लेक घरी आली. सोबत शेवाळाच्या रंगाची एक काच घेऊन आली, खास आज्जीसाठी. सासूबाईंचं वय ८४. त्यांनी ती काच उजेडात धरली, पोपटी डाग उलटसुलट पाहिला.

"ह्यातनं दिवा लागतो?"

"नाही लागत आज्जी. अगदी थोडी वीज येते."

"मग कशाला करायलीस?"

लेकीनं मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांसारखं 'शेवाळापासून फुकट वीज' असं काही सांगितलं नाही. म्हणाली, "माणसानं तयार केलेल्या रंगांचे असे सेल आता १५ टक्क्यांच्या पुढे गेलेत आज्जी. घरातल्या अंधुक उजेडातही ते चांगले चालतात. झाडापाल्याचे, शेवाळाचे रंग मात्र अजून मागे आहेत. आणि ते टिकत नाहीत. उन्हात विटतात."

"साडीगत."

"हो, तसंच. समुद्रात असताना शेवाळ आपला रंग सारखा नवा करत राहतं. जुना मोडतो, नवा बनवतं. काचेवर आणलं की नवा करायला कुणी उरत नाही."

सासूबाईंनी काच खाली ठेवली. मग एकदम विचारलं, "आणि तू जेवतीस न्हवं वेळंत?"

मी ओट्याकडे वळले. पाठीमागून लेकीचा आवाज आला, "नाही आज्जी. साडेसात होतात."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. दीड वर्षाचं माझं खोटं मधेच उघडं पडलं होतं आणि मी उगाच एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासत होते. सासूबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पाणी तरी गाळून पितीस?"

"पिते आज्जी."

"बरं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून काहीच म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला तो प्रश्न विचारणं बंद केलं. सगळं माफ झालं की नुसतंच बंद झालं, ते मला अजून माहीत नाही.

ती काच देवघराशेजारच्या खिडकीत ठेवली होती. मृगाच्या पावसापर्यंत डाग पोपटीचा पिवळट झाला. दशलक्षण पर्वाच्या सुमारास पांढरा खडू तेवढा उरला. सासूबाईंनी एकदा बोटानं चाचपून पाहिलं. "गेलं की गं," म्हणाल्या. फेकू नको म्हणाल्या.

लेकीनं वर्षभर एका औषध कंपनीत नोकरी धरली आहे. पुढच्या वर्षी परत प्रवेशाचा प्रयत्न करणार. या वेळी परवानगी काढून खडकावरच्या जिवंत शेवाळाचा वरचा शेंडा तेवढा घ्यायचा, बुडखा सोडायचा, असं तिनं मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी एवढंच म्हटलं, "एका ठिकाणचं सगळं कापू नको."

काल संध्याकाळी आमची जेवणं आटोपली, ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरलं आणि तिचा फोन आला. कामावरून निघाली होती.

"आई, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"अजून नाही."

पूर्वी इथं मी 'बरं' म्हणून फोन ठेवायची. काल म्हटलं, "घरी जा, हातपाय धू आणि सावकाश जेव."